जुन्या एफसी-१५० पिकअपचा उजेड: एलईडी टाकू, की आधी वायरिंग बदलू?

घाटातला

आमच्याकडे १९७१ ची महिंद्रा एफसी-१५० पिकअप आहे, पेट्रोल. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: सगळी यंत्रणा जीपचीच, पण पुढे बॉनेट नाही. केबिन इंजिनाच्या वर आणि इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधे, झाकणाखाली. आजोबांनी घेतली, वडिलांनी चालवली, आता माझ्याकडे आहे. इंजिन ठणठणीत आहे, ब्रेकचं सगळं काम नुकतंच करून घेतलं. अडचण फक्त उजेडाची आहे.

हंगामात बागेतल्या आंब्याच्या पेट्या घेऊन साखरप्याहून आंबा घाट चढतो आणि मलकापूरमार्गे कोल्हापूर गाठतो. दिवसा ऊन लागतं म्हणून हा प्रवास रात्रीच करावा लागतो. डिपरवर रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दिसत नाही. अप्पर मारला तर झाडांचे शेंडे तेवढे पिवळे होतात. गाडी उभी करून एक्सिलरेटर दाबला की उजेड थोडा वाढतो, सोडला की पुन्हा मंदावतो.

हेडलाइट ७ इंची गोल सीलबीम आहेत, म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट एकाच बंद तुकड्यात. वायरिंग बहुतेक मूळचंच, कापडी वेष्टनाचं, मधे मधे काळा टेप गुंडाळलेला. एका गॅरेजवाल्याने एलईडी बल्ब टाकायला सांगितलं, दुसरा म्हणाला १००/९० वॅटचे (अप्परला १००, डिपरला ९०) हॅलोजन टाका. गाडीचा चेहरा बदलायचा नाही, एवढी एकच अट आहे. काय करू?

नवी_धार

दादा, सरळ ७ इंची एलईडीचा पूर्ण डोम, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट अख्खा दिवा बसवा. वीज कमी खातो, उजेड पांढराशुभ्र. माझ्या जीपला बसवलाय, रात्रीचा दिवस होतो. जुन्या तारांवरही भार येत नाही.

अण्णा_वायरमन

काही विकत घेऊ नका अजून. मी चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, पुण्यात नाना पेठेत माझा माल ठरलेला असायचा. तुमचं वर्णन वाचून सांगतो, दिव्यात दोष नाही. दिव्यापर्यंत वीज पोचत नाही.

मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू ठेवा, थोडी रेस द्या, डिपर लावा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघा. मग हेडलाइटच्या होल्डरच्या मागून, दिवा जळत असताना, डिपरची पिन आणि अर्थची (बॉडीला जोडलेली) पिन यांच्यात बघा. दिवा काढून मोजलं तर आकडा छान येईल आणि फसवेल, कारण करंट वाहत नसला की तार कुठेच व्होल्ट खात नाही.

नंतर मीटरची लाल तार बॅटरीच्या प्लसवर, काळी होल्डरच्या डिपर पिनवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट तुमच्या तारा आणि स्विच खातात. तसंच बॅटरीच्या मायनसपासून होल्डरच्या अर्थ पिनपर्यंत. हे आकडे इथे टाका, मग बोलू.

घाटातला

अण्णा, मोजलं. बॅटरीवर १३.५, डाव्या दिव्यावर ११.१. प्लसच्या बाजूला १.८ व्होल्ट जातात, अर्थच्या बाजूला ०.६. उजवा दिवा थोडा बरा, ११.३.

मग अजून मागे मागे गेलो. पायाखालच्या डिपर स्विचच्या दोन टोकांवरच ०.७ आहेत. डॅशबोर्डवरच्या ओढायच्या लाइट स्विचवर ०.५. उरलेले तारांत आणि जोडांत.

सांगलीची_लेक

मी वाहनांच्या दिव्यांच्या चाचण्यांचं काम करते, म्हणून या आकड्यांचा अर्थ सांगते. फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. तो साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. दिव्याचा प्रकाश मोजायचा मानक व्होल्टेज १३.२ आहे. तुमच्या दिव्याला ११.१ मिळतात, म्हणजे ८४ टक्के. पण उजेड मिळतो जेमतेम ५५ टक्के. निम्मा उजेड तुम्ही तारांत आणि गंजक्या स्विचमध्ये घालवताय. उजेड पिवळट दिसतो तोही त्याचमुळे, फिलामेंट पुरेसा तापत नाही.

आता एलईडीबद्दल. नवी_धार, तुमच्यासारखा पूर्ण डोम चांगल्या बनावटीचा असेल तर त्याची काच, रिफ्लेक्टर आणि एलईडी एकमेकांसाठी बनवलेले असतात. पण गॅरेजवाला म्हणतोय ते हॅलोजनच्या डोममध्ये नुसता एलईडीचा बल्ब घालायचं, आणि ते मला मान्य नाही. एच-४ बल्बमध्ये, म्हणजे हेडलाइटच्या नेहमीच्या हॅलोजन बल्बमध्ये, दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तो खाली रस्त्यावर उतरतो. हे सगळं फिलामेंटच्या मिलिमीटरभर जागेवर ठरतं. एलईडी बल्बमध्ये चिप दोन कडांना असतात, मधे पट्टीची जाडी. वाटी नीट जुळत नाही आणि उजेड भलतीकडेच उधळतो. ड्रायव्हरला वाटतं खूप दिसतंय, कारण गाडीच्या पुढ्यातला रस्ता चकाकतो, पण लांबचं काही उजळत नाही. घाटात समोरून येणाऱ्याला तर काहीच दिसत नाही. एका बाजूला दरी असलेल्या रस्त्यावर समोरचा ड्रायव्हर दोन सेकंद आंधळा होणं मला सहन होत नाही, म्हणून हे इतकं लिहिलं.

नवी_धार

ताई, पटलं. माझा पूर्ण डोमच आहे, पण त्याचा चेहरा मात्र बदलतो हे खरं. दादांची अट बघता तो पर्याय बाद.

मिशिगनकर

मी डेट्रॉइटजवळ राहतो, माझ्याकडे १९६७ ची डॉज डी-१०० पिकअप आहे. (डॉज आणि फार्गोचे ट्रक आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार व्हायचे, त्यामुळे जुन्या ट्रकवाल्या घरांना हे नाव परकं नसेल.) इथे हा आजार घरोघरी आहे. जुन्या अमेरिकन पिकअपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरतो. माझ्या डॉजमध्ये तर गाडीचा जवळपास सगळा करंट अँपिअर मीटरमधून जातो. मधल्या पत्र्यावर, जिथे वायरिंग इंजिनाकडून केबिनमध्ये येतं, तिथला मोठा कनेक्टर तापून वितळतो. त्याच जागी माझ्या गाडीचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं.

उपाय एकच: रिले, म्हणजे थोड्या करंटने चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. जुना स्विच आणि जुना डिपर फक्त रिलेला हुकूम देतात, रिलेची कॉइल ०.२ अँपिअरच्या आसपास ओढते. दिव्याचा करंट बॅटरीकडून फ्यूज, रिले आणि थेट दिवा असा जाडजूड तारेने जातो. स्विच आयुष्यभर टिकतो, दिव्याला पूर्ण व्होल्ट मिळतात आणि बाहेरून काहीही बदललेलं दिसत नाही. सीलबीम अमेरिकेत १९४० च्या मॉडेलपासून आले आणि पुढे कित्येक दशकं इथे दुसरं काही चालतच नव्हतं, त्यामुळे ७ इंची गोल माप जगभर रुजलं. आज त्याच मापात एच-४ बल्बचा काचेचा डोम सहज मिळतो. पुढून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

सांगलीची_लेक

मिशिगनकरांच्या शेवटच्या मुद्द्याला एक जोड देते, कारण बरेच जण परदेशातून डोम मागवतात. भारतात आपण डावीकडून चालतो. डिपरचा उजेड डाव्या कडेला थोडा वर चढतो आणि उजवीकडे, समोरच्याच्या बाजूला, खाली राहतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांचा डोम बरोबर उलटा असतो. तो इथे बसवला की प्रत्येक समोरच्याच्या डोळ्यांत उजेड.

ओळखायची खूण काचेवर आहे. युरोपीय मानकाच्या डोमवर, तुम्ही दिव्यासमोर उभे असताना, उजवीकडे रोखलेला आडवा बाण असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या रस्त्यांसाठी. बाणच नसेल तर तो उजवीकडच्या रस्त्यांचा. दुकानदार 'सगळं एकच आहे' म्हणाला तरी काच हातात घेऊन बाण शोधा.

घाटातला

डोमचं ठरलं, आपल्याकडचा एच-४, ६०/५५ वॅट. आता १००/९० का नको ते सांगा. आमच्या भागात ट्रकवाले सर्रास तोच घालतात.

अण्णा_वायरमन

तुमच्या गाडीवर चार्जिंगला जुना डायनॅमो आहे की अल्टरनेटर?

घाटातला

डायनॅमो, ल्युकासचा सी-४०. त्याचं चार्जिंग जोडणारा-तोडणारा कटआउटही जुनाच.

अण्णा_वायरमन

मग हिशोब मांडा. सी-४० ची ताकद २२ अँपिअर, तीही चांगल्या रेसवर. संथ चालीवर तो जवळजवळ काहीच देत नाही. एक्सिलरेटर सोडला की तुमचा उजेड मंदावतो, त्याचं कारण हेच.

५५ वॅटचा फिलामेंट १३.२ व्होल्टला ६८ वॅटपर्यंत ओढतो, म्हणजे दोन डिपर मिळून १० अँपिअर धरा. टेल, पार्किंग, नंबर प्लेट मिळून २. इग्निशन कॉइल ३ ते ४. पावसात वायपर ३. ब्रेक दाबला की आणखी साडेतीन. झाले २२. डायनॅमो पुरा पडला, पण काठावर. आता १००/९० घाला, डिपरचेच १६-१७ होतात. फरक बॅटरीतून जाणार. घाटात पावसात हे चाललं की बॅटरी खालावत जाते. शिवाय तो बल्ब इतका तापतो की होल्डरचं प्लास्टिक वितळतं, रिफ्लेक्टरची चकाकी जळते. नियमातही तो बसत नाही. नकोच.

अल्टरनेटर बसवला तर संथ चालीलाही चार्जिंग मिळेल. पण कंस, पुली, कटआउट काढणं, सगळं बदलावं लागेल. आधी रिले करा, मग ठरवा.

बेडफर्डचा_नातू

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या जुन्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला आहे. हे रिले तिथे चालतील?

अण्णा_वायरमन

चालतील. हॅलोजनला आणि साध्या रिलेच्या कॉइलला प्लस-मायनसशी देणंघेणं नाही. फक्त रिलेच्या आत डायोड असेल तर उलटी जोडणी चालत नाही, म्हणून बिनडायोडचा घ्या. एलईडी किंवा चार्जर लावायचा झाला तर मात्र आधी विचारा.

घाटातला

काम सुरू केलं. डिपर स्विच खोलला तो वेळ घेऊन सांगतो, कारण सगळा रोग तिथेच दिसला. या गाडीत तो डाव्या पायाशी, फरशीच्या पत्र्यावर आहे. पावसाळ्यात चपलेचं पाणी, लाल माती, सगळं त्याच्यावर. खालून दोन स्क्रू काढले, पत्र्याची टोपी उचकटली. आत पितळी पट्टी फिरते आणि तांब्याच्या तीन बुंध्यांवर टेकते. बुंधे हिरवे पडलेले, डिपरच्या बुंध्याला मधोमध खड्डा आणि भोवती काळा कार्बन. पट्टीची स्प्रिंग तापून नरम झालेली, बोटाने दाबली तर परत येत नाही. पन्नास वर्षं सगळ्या हेडलाइटचा करंट या नखाएवढ्या जागेतून जात होता.

बारीक पॉलिश पेपरने साफ करून, नवी स्प्रिंग घालून तोच परत बसवणार आहे. आता त्याला फक्त रिले उचलायचा आहे.

तार कोणती घेऊ? आणि रिले कुठे लावू? बॉनेट नसल्यामुळे जागा सुचत नाही.

मिशिगनकर

तारेचा हिशोब: तांब्याची १ चौरस मिलिमीटरची तार मीटरला साधारण ०.०१७ ओहम. जुन्या गाडीत बॅटरी ते स्विच ते डिपर ते दिवा अशी फिरून ६ मीटर होते. १० अँपिअरला तारेतच १ व्होल्ट जातो. रिले पुढे लावून २.५ चौरसची तार ४ मीटर धरली तर ०.३ च्या आत. बॅटरी ते रिले ही मुख्य तार ४ चौरसची टाकलीत तर अजून चांगलं.

फ्यूजबद्दल माझा आग्रह आहे. दोन्ही दिव्यांना मिळून एकच फ्यूज लावू नका. इथले जुने ट्रक हेडलाइटला फ्यूज देतच नसत. त्याऐवजी तापला की तुटणारा आणि गार झाला की आपोआप जुळणारा ब्रेकर स्विचमध्येच असे, म्हणजे रात्री दिवे कायमचे जाऊ नयेत. तुम्ही चार फ्यूज लावा, १० अँपिअरचे: डावा डिपर, उजवा डिपर, डावा अप्पर, उजवा अप्पर. एक उडाला तरी वळणावर दुसरा डोळा उघडा राहतो.

अण्णा_वायरमन

बरोबर बोलले. रिलेची जोडणी अशी. दोन रिले, एक डिपरचा, एक अप्परचा. रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरीकडून येणारी तार, ८७ वरून फ्यूजमधून दिव्याकडे, ८६ वर जुन्या डिपर स्विचची तार, ८५ अर्थला. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात ३० अँपिअरचा मुख्य फ्यूज टाकायचाच. तार कुठे घासली आणि फ्यूज नसला तर गाडी पेटते. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तार गाडीचीच घ्या, पुष्कळ बारीक तांब्याच्या धाग्यांची. घरातली वायरिंगची तार थरथरीने तुटते. चकचकीत स्वस्त माल असेल तर एक धागा खरवडून बघा. आतून पांढरा निघाला तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा.

जोडाला नुसता पीळ देऊन टेप गुंडाळायचा नाही. तारेच्या टोकाचं थिंबल योग्य मापाचं, चांगल्या पकडीने दाबलेलं, वर आकसणारी स्लीव्ह. डाग मारला की कथील तारेच्या धाग्यांत वर चढतं, तिथे तार कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट. आणि अर्थ! डोमच्या स्क्रूवर भिस्त ठेवू नका, रंगाखाली गंज असतो. दोन्ही होल्डरपासून २.५ ची वेगळी तार चासीपर्यंत, चासी खरवडून, दातेरी वॉशर, वरून पेट्रोलियम जेली. चासी ते बॅटरी मायनस ही पट्टीही बदला. तुमचे ०.६ तिथेच जातायत.

जागा: केबिनमध्ये डॅशबोर्डखाली, शेजारच्या माणसाच्या गुडघ्यापुढे. पाण्यापासून दूर आणि हात पोचेल अशी. रिलेच्या पिना खाली तोंड करून.

घाटातला

झालं! जुन्या वायरिंगला कात्री लावली नाही. कापडी तारा होत्या तिथेच आहेत, होल्डरच्या टोकाला त्या रिलेकडे वळवल्या. नव्या तारांवर काळं कापडी टेप गुंडाळलं, म्हणजे उघडून पाहिलं तरी डोळ्यांना खटकत नाही.

मोजमाप: बॅटरीवर १३.५, दोन्ही दिव्यांवर १३.१. अर्थच्या बाजूला ०.१. ताईंच्या सूत्राने ५५ टक्क्यांवरून ९७. आधी मुद्दाम जुनेच सीलबीम ठेवून बघितलं, आणि त्यांतूनच असा उजेड पडला की वडील अंगणात येऊन उभे राहिले. नंतर एच-४ डोम बसवले.

आता फोकस कसा लावायचा?

सांगलीची_लेक

सपाट जागा, समोर भिंत, दिव्यापासून ७.५ मीटर. दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजा, भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूची रेघ मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ७.५ सेंटिमीटर खाली यायला हवी, म्हणजे एक टक्का उतार. आडवं बघताना कड जिथून डावीकडे वर चढायला लागते, तो कोपरा बरोबर दिव्याच्या समोर.

पण तुमची पिकअप आहे, म्हणून हे पेट्या भरून करा. एफसी-१५० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८१ इंच, म्हणजे २ मीटरच्या जरासा वर. मागे माल भरल्यावर पाट्याच्या स्प्रिंगा ५ सेंटिमीटर दबल्या की गाडीचं नाक जवळजवळ अडीच टक्के वर उचललं जातं. तुमचा एक टक्का उतार पुसून उजेड दीड टक्का वर चढतो. रिकाम्या गाडीवर सुंदर लावलेला फोकस भरल्या गाडीत समोरच्याचे डोळे दिपवतो. रात्री तुम्ही भरूनच जाता, तर भरलेल्या गाडीवर लावा. टायरची हवा आधी बघा, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला हवा.

घाटातला

तसंच केलं. रिकाम्या गाडीला लावलेला फोकस पेट्या भरल्यावर भिंतीवर सरळ रेघेच्या वर गेला, ताई, तुम्ही म्हणाल्या तेवढाच. आता भरलेल्या गाडीवर बसवलाय, रिकाम्याला थोडा जवळ पडतो, ते चालेल.

काल रात्री घाट चढलो. डाव्या कडेचे पांढरे दगड आणि कठड्याचे रंगवलेले पट्टे वळणाच्या आधी दिसतात. समोरून आलेल्या एकाही गाडीने अप्पर मारून तक्रार केली नाही.

कागदपत्री

एक नियमाचा मुद्दा. गाडी १९७१ ची, म्हणजे ५० वर्षांच्या पुढची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत. पण या नोंदणीवर गाडी नेहमीच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. तुम्ही आंबे वाहता, तेव्हा साधीच नोंदणी नूतनीकरण करत राहा. फिटनेसला दिवे तपासतातच, ६०/५५ आणि नीट लावलेला फोकस असला की बोलायला जागा राहत नाही.

घाटातला

धन्यवाद. साधीच ठेवणार आहे, गाडी चालती राहायला हवी.

एकच राहिलं. जून ते सप्टेंबर घाटात धुकं इतकं दाट असतं की अप्पर लावला तर पांढरा पडदा समोर. पिवळे दिवे लावू का?

सांगलीची_लेक

धुक्यातले थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे पिवळा उजेड पांढऱ्यापेक्षा धुकं जास्त भेदतो असं होत नाही. काहींच्या डोळ्यांना पिवळा कमी खुपतो, तो फायदा वेगळा. खरा फरक दिवा कुठे आहे यावर पडतो. फॉग लॅम्प बंपरखाली, रुंद आणि चपट्या उजेडाचे हवेत, म्हणजे उजेड धुक्याखालून रस्त्यावर सरकतो आणि तुमच्या नजरेच्या रेषेत परत येत नाही. धुक्यात अप्पर कधीच नाही.

अण्णा_वायरमन

आणि त्याला तिसरा रिले, स्वतःचा फ्यूज, स्वतःचा स्विच. पण डायनॅमोचे २२ अँपिअर विसरू नका. ५५ वॅटचे दोन फॉग म्हणजे आणखी ९-१०. फॉग लावायचे असतील तर आता अल्टरनेटरचं बघावं लागेल. तुमच्या इंजिनाचा पुढचा कंस, डायनॅमोची पुली आणि पट्ट्याची रेषा यांचे फोटो टाका, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येतो.